यकृताला थांबायचं कसं कळतं?

उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग कापून काढला, तर उरलेला एक तृतीयांश भाग आठवडा-दहा दिवसांत वाढतो आणि पुन्हा पहिल्याइतक्या वजनाचा होतो. हिगिन्स आणि अँडरसन यांनी १९३१ मध्ये ही शस्त्रक्रिया नीट बसवली. यकृताच्या वाढीचा अभ्यास करणारे लोक आजही तीच वापरतात. उंदराच्या यकृताचे खंड एकमेकांपासून बरेचसे सुटे असतात. त्यामुळे ठरावीक खंड मुळाशी दोऱ्याने बांधून कापता येतात आणि उरलेल्या खंडांना धक्काही लागत नाही. कापलेले खंड पुन्हा उगवत नाहीत. जे शिल्लक राहिलेत, तेच भरत जातात. आकार वेगळा होतो, पण वजन पूर्वीइतकं होतं आणि मग वाढ थांबते.

यकृत पुन्हा वाढतं हे ऐकून माणसं थक्क होतात. मी विद्यार्थिदशेत हे पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून मला मात्र त्यातल्या शेवटच्या टप्प्याने पछाडलं आहे. कोट्यवधी पेशी विभागायला लागतात आणि योग्य वजन आलं की सगळ्या शांत होतात. वजन किती झालं हे मोजतं कोण? कुठली एक पेशी तर ते पाहू शकत नाही. तिला फक्त शेजारच्या पेशी कळतात आणि अंगावरून वाहणारं रक्त कळतं.

ही मोजणी किती पक्की असते, हे प्रत्यारोपणाच्या शस्त्रक्रियांमध्ये दिसलं. मोठ्या कुत्र्याचं यकृत लहान कुत्र्यात बसवलं तर ते हळूहळू आक्रसतं आणि नव्या शरीराला साजेसं होतं. थॉमस स्टार्झल यांच्या चमूने १९९२ मध्ये पिट्सबर्गला बबून माकडाचं यकृत एका माणसात बसवलं. तो रुग्ण सत्तर दिवस जगला आणि तेवढ्या अवधीत माकडाचं लहानसं यकृत वाढून माणसाच्या मापाचं होत गेलं. आज कुणी आपल्या नातेवाइकाला यकृताचा उजवा भाग देतं, तेव्हा साधारण साठ टक्के यकृत देऊन टाकतं. ते धाडस करता येतं ते याच भरवशावर, की दोन्ही शरीरांतले तुकडे आपापल्या धन्याचं माप ओळखतील. म्हणजे माप यकृताच्या आत कोरलेलं नाही. ते शरीराकडून सतत विचारून घेतलं जातं. हे विचारणं आणि सांगणं चालतं प्रथिनांच्या भाषेत.

त्या भाषेकडे वळण्यापूर्वी यकृताच्या पेशीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्वचा आणि आतडी यांत रोज नव्या पेशी घडतात, आणि त्या घडवण्यासाठी राखीव मूलपेशी असतात. यकृताची प्रौढ पेशी एरवी विभागतच नाही, महिनोन् महिने स्वस्थ असते. स्वस्थ म्हणजे रिकामी नव्हे. ती साखर साठवते, सोडते, अल्ब्युमिन बनवते, पित्त बनवते, औषधं आणि विषं मोडून टाकते. यकृत कापलं जातं तेव्हा हीच कामकरी पेशी विभागायला उठते, आणि विभागत असताना तिचं नेहमीचं काम चालूच असतं. कारण ते बंद पडलं तर शरीर जगणार नाही. उंदरात साधारण चोवीस तासांनी डीएनएची नक्कल करण्याचं काम ऐन भरात येतं. लहान जातीच्या माऊस उंदरांत याला छत्तीस ते चाळीस तास लागतात.

या पेशींना उठवणारं काहीतरी रक्तातून येतं, हे मूल्टेन आणि नॅन्सी बुचर यांनी १९६७ मध्ये दाखवलं. त्यांनी दोन उंदरांचं रक्त एकमेकांत फिरेल अशी जोडणी केली आणि एकाचं यकृत कापलं. दुसऱ्याच्या यकृताला कुणी हातही लावला नव्हता, तरी त्यातल्या पेशी डीएनए बनवायला लागल्या. मला हा प्रयोग फार आवडतो. त्यात कुठलंही अवघड यंत्र नाही. एका शरीरातली हाक दुसऱ्या शरीराला ऐकू गेली, एवढंच त्यात आहे, आणि तेवढ्यावरून पुढच्या अर्ध्या शतकाचं काम ठरलं. हाक कोणाची?

आज आपल्याला माहीत आहे की हाका पुष्कळ आहेत आणि त्या क्रमाने येतात. यकृताचा दोन तृतीयांश भाग गेला की आतड्यांकडून येणारं सगळं रक्त उरलेल्या तृतीयांशातून वाहू लागतं. म्हणजे प्रत्येक पेशीच्या वाट्याला येणारा प्रवाह जवळजवळ तिपटीने वाढतो. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना तो ताण मिनिटांत जाणवतो. आतड्यांतून येणारे जिवाणूंचे अंशही आता थोड्या पेशींवर जास्त प्रमाणात आदळतात. यकृतात मुक्कामाला असलेल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथले पहारेकरी भक्षक, त्यावर टीएनएफ आणि इंटरल्यूकिन-६ ही प्रथिनं सोडतात. इंटरल्यूकिन-६ यकृताच्या पेशीच्या पृष्ठभागावर जाऊन बसतं आणि आत स्टॅट-३ नावाचं प्रथिन जागं होऊन केंद्रकात शिरतं. पेशी अजून विभागत नाही, पण तयारीत येते. १९९६ मध्ये ज्या उंदरांमध्ये इंटरल्यूकिन-६ चं जनुकच काढून टाकलं होतं, त्यांची यकृतं कापल्यानंतर नीट वाढली नाहीत आणि पेशी मरू लागल्या. सूज आणणारं म्हणून बदनाम असलेलं हे प्रथिन वाढीच्या दारातलं पहिलं पाऊल निघालं.

दुसरी हाक जास्त स्पष्ट असते. हेपॅटोसाइट ग्रोथ फॅक्टर, थोडक्यात एचजीएफ. जपानमध्ये तोशिकाझू नाकामुरा यांनी १९८४ मध्ये ते उंदरांच्या रक्तातून शोधलं. जपानमधल्याच दुसऱ्या एका गटाने ते यकृत अचानक निकामी झालेल्या रुग्णांच्या रक्तद्रवातून वेगळं केलं. त्या रुग्णांची शरीरं यकृताला जिवाच्या आकांताने हाक मारत होती आणि ती हाक रक्तात साचली होती, हे वाचताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. एचजीएफ यकृताची कामकरी पेशी स्वतः बनवत नाही. तिच्या शेजारच्या ताराकृती पेशी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातल्या पेशी ते बनवतात. कामकरी पेशीकडे फक्त ते ओळखणारा रिसेप्टर असतो, त्याचं नाव मेट. म्हणजे वाढायचं की नाही, हे पेशीने स्वतःच ठरवायचं नाही, शेजाऱ्यांनी सांगायचं, अशी ती व्यवस्था आहे.

त्याच काळात इंग्लंडमध्ये मायकेल स्टोकर वेगळ्याच गोष्टीच्या मागे होते. काही पेशींनी सोडलेलं एक प्रथिन दुसऱ्या पेशींवर घातलं, की घट्ट चिकटून बसलेल्या त्या पेशी एकमेकींना सोडून पांगायच्या. १९९१ च्या सुमारास कळलं, की ते पांगवणारं प्रथिन आणि एचजीएफ एकच आहे. आणि मेटचं जनुक तर १९८४ मध्येच कॅन्सर घडवणारं जनुक म्हणून वेगळं काढलं गेलं होतं. वाढ आणि पांगापांग, कॅन्सरची ही दोन कामं. दोन्हींचा आदेश देऊ शकणारा रेणू आपल्या शरीरात जखम भरण्यासाठी ठेवलेला आहे. एचजीएफचं जनुक काढून टाकलेली उंदरांची पिल्लं गर्भातच मरतात आणि त्यांची यकृतं खुरटलेली असतात, हेही १९९५ मध्ये दिसलं. त्याच्याशिवाय जन्मच होत नाही.

हाक पेशीच्या बाहेर थांबते, तिचा अर्थ आत कसा पोहोचतो, याचं उत्तर माणसाला यकृतातच सापडलं, हे मला विशेष वाटतं. अर्ल सदरलँड आणि त्यांचे सहकारी १९५० च्या दशकात एका प्रश्नावर काम करत होते. ॲड्रेनलिन आल्यावर यकृत साखर कशी सोडतं? त्यांनी यकृताच्या पेशी फोडल्या, त्यांचे भाग वेगळे केले आणि पाहिलं, की ॲड्रेनलिन पेशीच्या आवरणावर काम करतं आणि तिथे एक छोटा, उष्णतेलाही न डगमगणारा रेणू तयार होतो. पुढचं काम तो रेणू करतो. तो म्हणजे सायक्लिक एएमपी. त्यासाठी सदरलँड यांना १९७१ मध्ये नोबेल मिळालं. त्यानंतर मार्टिन रॉडबेल यांनीही उंदरांच्या यकृतपेशींच्या आवरणांवरच काम करून दाखवलं, की रिसेप्टर आणि आतली यंत्रणा यांच्यामध्ये तिसराच एक दुवा असतो. तो पुढे जी-प्रोटीन म्हणून ओळखला गेला. पेशींच्या संदेशवहनाचं शास्त्र म्हणून आज जे शिकवलं जातं, त्याचा मोठा भाग यकृताच्या लगद्यातून वर आला आहे.

आतल्या निरोपाचं मुख्य साधन आहे फॉस्फेट. प्रथिनाच्या ठरावीक जागी फॉस्फेटचा गट चिकटवला, की त्याचा आकार आणि वागणं बदलतं. चिकटवणाऱ्या एन्झाइमांना काइनेज म्हणतात आणि काढून टाकणाऱ्यांना फॉस्फेटेज. मेटवर एचजीएफ बसलं की मेट स्वतःवरच फॉस्फेट चिकटवतं, त्या जागांवर दुसरी प्रथिनं येऊन बसतात, ती रास नावाच्या प्रथिनाला जागं करतात, रासपासून पुढे काइनेजची साखळी आणि शेवटी केंद्रकातली जनुकं. हे सगळं काही मिनिटांत. इथे एक प्रथिन लक्षात ठेवावं लागेल, कारण पुढे तेच माझी झोप उडवणार आहे: शिप-२ (SHP2). ते फॉस्फेट काढणारं एन्झाइम आहे, म्हणजे निरोप पुसणाऱ्यांच्या जातीचं. तरी ते रासचा निरोप पुढे न्यायला मदत करतं. त्याचं जनुक बिघडून ते अति जागं झालं, तर लहान मुलांमध्ये एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर होऊ शकतो. फॉस्फेटेज असूनही ते कॅन्सरला चालना देतं.

आता थांबण्याकडे येऊ. बराच काळ उत्तर सोपं वाटत होतं: टीजीएफ-बीटा. हे प्रथिन यकृताच्या पेशीवर घातलं की तिची विभागणी थांबते. मात्र २००४ मध्ये संशोधकांनी अशा उंदरांची यकृतं कापून पाहिली ज्यांच्या यकृतपेशींना टीजीएफ-बीटा ऐकूच येत नव्हतं. यकृत वाढलं, आणि वेळेवर थांबलंसुद्धा. थांबवणारा एकटा नाही, हे त्यातून कळलं.

मग २००७ साल आलं. फळमाशांमध्ये अवयवांचं माप राखणारी एक साखळी सापडली होती, हिप्पो नावाची. ती यॅप या प्रथिनाला फॉस्फेट चिकटवून केंद्रकाबाहेर रोखून धरते. डुओजिया पान यांच्या प्रयोगशाळेने उंदराच्या यकृतात यॅप हवं तेव्हा वाढवता येईल अशी सोय केली. यॅप वाढवल्यावर काही आठवड्यांत यकृत फुगत गेलं. एरवी उंदराच्या वजनाच्या पाच टक्क्यांच्या आसपास असणारं यकृत पंचवीस टक्क्यांवर गेलं. शरीर जे माप सांगत होतं ते पेशींना ऐकूच येईना. यॅप बंद केलं तेव्हा ते अगडबंब यकृत पुन्हा आक्रसून नेहमीच्या मापावर आलं. आणि यॅप जास्त काळ चालूच ठेवलं, तेव्हा यकृतात गाठी झाल्या.

त्या प्रयोगातल्या या दोन शेवटांमध्ये माझ्या मते सगळा विषय सामावला आहे. वाढीची हाक तीच, पेशी त्याच. ठरावीक वेळेनंतर थांबली तर अवयव परत जागेवर, न थांबली तर कॅन्सर.

माझ्या मामांना यकृताचा कॅन्सर असल्याचं कळलं तेव्हा त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न होता, "मी आयुष्यात कधी दारूच्या थेंबाला शिवलो नाही. मग मलाच का?" डॉक्टरांनी सांगितलं, हेपेटायटिस बी आहे, बहुधा जन्मापासून किंवा बाळपणापासून. मामांना ते पटायला फार वेळ लागला. कधी कावीळ झाल्याचं आठवत नव्हतं, कधी पोट दुखल्याचं आठवत नव्हतं. हा विषाणू मोठेपणी शरीरात शिरला तर बहुतेक जण त्याला हाकलून लावतात. जन्माच्या वेळी आईकडून आला, तर दहापैकी नऊ मुलांमध्ये तो कायमचा राहतो आणि पुढची अनेक वर्षं काही बोलत नाही. मामांसारखी माणसं हा आजार म्हणजे एखाद्या पापाची शिक्षा असावी अशा नजरेने लोक आपल्याकडे पाहतील या भीतीत जगतात. म्हणून मला हे स्पष्ट लिहायचं आहे: २०२२ मध्ये जगभरात यकृताच्या कॅन्सरचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण नोंदले गेले, आणि त्यांतल्या फार मोठ्या संख्येमागे हेपेटायटिस बी आणि सी हे दोन विषाणू आहेत. दारू आहे, यकृतात साठणारी चरबी आहे, बुरशी लागलेल्या धान्यातलं आणि शेंगदाण्यातलं अफ्लाटॉक्सिन आहे. यांतलं काहीही यकृताला जखमी करू शकतं.

आणि जखम हाच धागा आहे. या विषाणूला रोखताना आपलीच प्रतिकारशक्ती रोज थोड्या पेशी मारते. मेलेल्यांच्या जागी नव्या याव्यात म्हणून तीच हाक उठते: टीएनएफ, इंटरल्यूकिन-६, एचजीएफ. शस्त्रक्रियेनंतर आठवड्याभरात शांत होणारी ती हाक इथे वीस-तीस वर्षं चालू राहते. खपली धरते न धरते तोच कुणीतरी ती पुन्हा खरवडून काढावी, तसं. टीजीएफ-बीटा पेशींना थांबवायला येतं, पण ते ताराकृती पेशींना कोलॅजेन विणायलाही लावतं आणि यकृतभर तंतूंच्या भिंती उभ्या राहतात. त्या भिंतींमध्ये उरलेल्या पेशींच्या गाठोळ्या वाढतात. हाच सिरॉसिस. यकृतपेशींचा कॅन्सर झालेल्यांपैकी बहुसंख्य लोकांना आधी सिरॉसिस असतो. हेपेटायटिस बी कधी कधी सिरॉसिसपर्यंतही थांबत नाही, कारण तो आपला डीएनए थेट पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो.

इतक्या वेळा नक्कल होताना चुका होणारच. यकृताच्या कॅन्सरमध्ये सर्वांत जास्त आढळणारी चूक टेलोमरेजच्या, म्हणजे गुणसूत्रांची टोकं शाबूत राखणाऱ्या एन्झाइमच्या, जनुकाच्या सुरुवातीच्या भागात असते, साधारण साठ टक्के गाठींमध्ये. विभागणीची मर्यादा ती उठवते. जवळपास तिसऱ्या हिश्शाच्या गाठींमध्ये बीटा-कॅटेनिनचं जनुक बिघडलेलं असतं, आणि हा बिघाड फार बोलका आहे. बीटा-कॅटेनिन पेशीत सतत तयार होतं आणि सतत नष्ट केलं जातं. त्यावर ठरावीक जागी फॉस्फेट चिकटला, की ते मोडून टाकायचं असं पेशीला कळतं. कॅन्सरमध्ये नेमक्या त्या फॉस्फेट चिकटण्याच्या जागाच बदललेल्या असतात. प्रथिन बाकी जसंच्या तसं, फक्त त्याला संपवायची खूण करायला जागा उरलेली नसते.

सिरॉसिसमधल्या प्रत्येक बदललेल्या पेशीचा कॅन्सर होत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २०१९ मध्ये ज्यांना कॅन्सर नाही अशा आजारी यकृतांचा डीएनए वाचला गेला. त्यात काही बदललेल्या पेशींचे कळप सापडले, जे जखम सोसण्यात आणि भरून काढण्यात सरस होते. सगळेच बदल कॅन्सरकडे नेणारे नसतात. काही यकृताला तगवतात.

पुरुषांमध्ये हा कॅन्सर बायकांपेक्षा दोन ते तीन पट जास्त होतो. पूर्वी सर्रास सांगितलं जायचं, की पुरुष दारू पितात म्हणून. २००७ मध्ये उंदरांवर एक काम झालं. यकृताला इजा करणारं रसायन दिल्यावर नरांमध्ये इंटरल्यूकिन-६ खूप वाढलं, माद्यांमध्ये फार कमी. कारण इस्ट्रोजेन कुप्फर पेशींना ते बनवण्यापासून आवरत होतं. इंटरल्यूकिन-६ चं जनुक काढून टाकल्यावर नर आणि मादी यांच्यातला फरकच नाहीसा झाला. उंदीर दारू पीत नव्हते.

इतकं वाचल्यावर कुणालाही वाटेल, की उपाय उघड आहे. वाढीचा निरोप पोहोचवणारी प्रथिनं बंद करा. मलाही वाटायचं, वाढवणारी ती वाईट आणि अडवणारी ती चांगली. यकृताने ही वाटणी मोडीत काढली.

२००५ मध्ये मायकेल करीन यांच्या गटाने उंदरांच्या यकृतपेशींमधून आयकेके-बीटा काढून टाकलं. हे सूजेच्या साखळीतलं मोठं नाव. ते नसेल तर कॅन्सर कमी होईल अशी अपेक्षा कुणीही केली असती. गाठी वाढल्या. कारण त्याच्याशिवाय यकृतपेशी इजा सोसू शकेनात, त्या मेल्या, आणि मेलेल्यांची भरपाई करायला बाकीच्या विभागत सुटल्या. तेच प्रथिन यकृतपेशींबरोबर कुप्फर पेशींमधूनही काढलं, तेव्हा गाठी कमी झाल्या, कारण आता हाक मारणारंच कुणी उरलं नव्हतं. प्रथिन एक, पण कुठल्या पेशीतून काढलं यावर परिणाम उलटा. २००७ मध्ये मेट काढून पाहिलं. तेच मेट, जे कॅन्सरचं जनुक म्हणून सापडलं होतं. रसायनाने होणाऱ्या गाठींची सुरुवात त्याच्याशिवाय उलट लवकर झाली.

आणि २०११ मध्ये शिप-२. सॅन दिएगोमधल्या गेन-शेंग फेंग यांच्या प्रयोगशाळेने ते यकृतपेशींमधून काढलं. रासचा निरोप त्यामुळे मंदावला. तरीही त्या उंदरांची यकृतं सुजली, पेशी मेल्या, स्टॅट-३ चढं राहिलं आणि वय झाल्यावर कुठलंही रसायन न देता आपोआप गाठी झाल्या. माणसांच्या काही गाठींमध्येही शिप-२ कमी असल्याचं दिसलं. रक्तात जे कॅन्सर घडवतं, ते यकृतात कॅन्सर अडवत होतं. याच गटाने पुढे २०१८ मध्ये दुसरी बाजू दाखवली. जास्तीचं मेट आणि बीटा-कॅटेनिनचं बिघडलेलं रूप यकृतात घालून गाठी घडवल्या, तेव्हा शिप-२ काढलेल्या यकृतांत त्या गाठी दबल्या. म्हणजे निरोगी यकृतातून काढाल तर कॅन्सर होईल, आणि ठरावीक बिघाडांनी गाठी होत असताना ते नसेल तर कॅन्सर दबेल. हे वाचून मी बराच वेळ दुसरं काही वाचू शकले नाही.

यात विसंगती नाही, असं आता माझं मत झालं आहे. यकृताची पेशी वाढीच्या निरोपांवरच जगते. तेच निरोप तिला विष पचवायला आणि इजा सोसायला बळ देतात. ते तोडले की ती मरते, आणि यकृतात मरण म्हणजे वाढीची हाक. म्हणून एखादं प्रथिन यकृतात काय करतं हा प्रश्नच अपुरा आहे. कुठल्या पेशीत, जखमेच्या आधी की नंतर, आणि शेजारी कोण आहेत, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर मिळत नाही.

औषधांचा इतिहासही हेच बोलतो. सोराफेनिब ही गोळी रासच्या पुढच्या काइनेजना आणि रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या रिसेप्टरना अडवते. २००८ मध्ये छापून आलेल्या मोठ्या चाचणीत ती घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान १०.७ महिने होतं, न घेणाऱ्यांचं ७.९. फरक तीन महिन्यांचाही नाही, पण त्याआधी देण्यासारखं काहीच नव्हतं. टिवॅन्टिनिब नावाचं औषध मेटला अडवण्यासाठी आणलं गेलं. ज्यांच्या गाठींत मेट भरपूर आहे असेच रुग्ण निवडले, तरी २०१८ मध्ये कळलं की काही उपयोग झाला नाही. २०२० मध्ये सोराफेनिबला खरोखर मागे टाकलं ते अटेझोलिझुमॅब आणि बेव्हॅसिझुमॅब या जोडीने. त्यातलं एक प्रतिकारशक्तीवरचा लगाम सोडतं, दुसरं रक्तवाहिन्यांचा निरोप अडवतं. दोघांपैकी कुणीही यकृतपेशीच्या आतल्या साखळीला हात लावत नाही, शेजार बदलतात. मामांना हे मिळालं. किती उपयोग झाला हे मी इथे लिहिणार नाही, कारण एका माणसावरून कुणी आशा किंवा निराशा बांधू नये.

जखमच होऊ न देणं हा उपाय तर सिद्ध झालेला आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना हेपेटायटिस बीची लस द्यायला सुरुवात केली. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांत सहा ते चौदा वर्षांच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला होता. आणि ज्यांना सिरॉसिस आधीच आहे, त्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्यावी, कारण लहान असताना सापडलेली गाठ काढता येते. मामांची गाठ उशिरा सापडली. त्यांना विषाणू आहे हेच कुणाला माहीत नव्हतं.

सध्या मी ज्या कामाकडे डोळे लावून आहे, ते उलट्या दिशेचं आहे. जर्मनीतल्या ट्युबिंगेनमधल्या एका गटाने एमकेके-४ नावाचं काइनेज अडवून यकृताची वाढ जोरात करता येते हे उंदरांमध्ये दाखवलं. मग त्यासाठी औषध तयार केलं. २०२४ मध्ये त्यांनी लिहिलं, की डुकरांचं पंच्याऐंशी टक्के यकृत काढल्यावरही या औषधाने ती वाचली, आणि निरोगी माणसांवरची पहिली सुरक्षितता चाचणी झाली आहे. कॅन्सरच्या भीतीने अनेकांनी वाढीला हात लावायचं टाळलं, त्यांना हे धाडस वाटेल. मला वाटतं, ते योग्य रुग्णांपासून सुरू झालं तर धाडस नाही. ज्याचं यकृत एकदाच आणि स्वच्छ कापलं गेलं आहे, त्याला ही गोळी काही दिवस देऊन बंद करता येईल, आणि यॅप बंद केलेल्या उंदरांसारखं यकृत आपलं माप पुन्हा शोधील. ज्याच्या यकृतात विषाणू अजून रोज पेशी मारतो आहे, त्याचा विषाणू आधी आटोक्यात यायला हवा. तोपर्यंत त्या यकृतात वाढीची आणखी एक हाक घालू नये.